कारवार किनारा आणि काळी नदीचं मुख : थंडीतले पक्षी बघायला कधी जायचं, कुठं उभं राहायचं?

सीमाभाग_पक्षीमित्र (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या बाजूची बरीच मंडळी कारवारला पक्षी बघायला जातात. त्यातल्या निम्म्या फेऱ्या वाया जातात, कारण दिवस रविवार बघून ठरवलेला असतो. किनाऱ्यावरचे पक्षी रविवार पाळत नाहीत, तिथी पाळतात. म्हणून हा धागा. जाणकारांनी जागा, वेळ, ओळख, मोजणी यावर सविस्तर लिहावं म्हणजे नव्या माणसाला एका जागी सगळं मिळेल.

सुरुवात मी वेळेपासून करतो.

चिखल्ये (प्लोव्हर), तुतवार (सँडपायपर), लांब वाकड्या चोचीचे कर्ल्यू हे सगळे ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत आणि गाळात खातात. त्या वेळी ते मैलभर पसरलेले असतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढायला लागली की खाण्याची जागा पाण्याखाली जाते आणि हेच पक्षी कोरड्या उंचवट्यावर, नदीमुखाच्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीने येऊन बसतात. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, एवढीच खरी वेळ. पूर्ण ओहोटीला पोचलात तर किनारा रिकामाच वाटणार.

दुसरी गोष्ट उजेडाची. कारवारचा किनारा पश्चिमेकडं तोंड करून आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असतं, त्यामुळं पायाचा रंग, चोचीचा आकार स्पष्ट कळतो. संध्याकाळी सगळे पक्षी काळ्या सावल्या. त्यातच सकाळी साडेनऊ-दहानंतर वाळूवरची हवा तापून थरथरते आणि टेलिस्कोपमध्ये पक्षी पाण्यात बुडवल्यासारखा हलतो. म्हणजे आपल्या हातात सात ते साडेनऊ एवढाच वेळ राहतो. भरती याच वेळेला किंवा जरा पुढं लागेल असा दिवस निवडायचा.

निपाणीकर_७

दादा, भरतीची वेळ कशी काढायची? मोबाईलवर दहा ॲप दहा वेळा सांगतात.

सीमाभाग_पक्षीमित्र

जुना हिशोब अजून चालतो. तिथीला पाऊणपट करा. पंचमी असेल तर ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या आसपास भरती पूर्ण. कृष्णपक्षातही मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा हिशोब मुंबईकडचा. गोवा-कारवारकडं भरती त्याच्या आधी लागते, म्हणून पाऊण तास वजा धरा. रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते, तेच या पाऊणपटीचं गणित आहे.

आता हेच उलटं वापरा. एकादशीला सव्वाआठ, त्यातून पाऊण तास गेला की साडेसात. द्वादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला नऊ, चतुर्दशीला पावणेदहा, पौर्णिमा-अमावस्येला साडेदहा. म्हणजे द्वादशी ते चतुर्दशी हे आपले दिवस. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पाणी चढत असतं, पक्षी पट्ट्याकडं सरकत असतात आणि हवा थरथरायच्या आत थवा बसलेला असतो.

काही जण म्हणतात उधाण पाहिजे, म्हणून पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जावं. पाणी तेव्हा सर्वांत वर येतं हे खरं, पण भरती अकरा-बाराला लागते आणि थरथरत्या हवेत काहीच ओळखू येत नाही. अष्टमीच्या मागं-पुढं भांग असतो. पाणी फार चढत नाही, वाळूचे पट्टे उघडेच राहतात, पक्षी विखुरलेले राहतात.

हा अंदाज महिना आधी दिवस ठरवायला. निघण्याच्या आदल्या रात्री इन्कॉइस, म्हणजे हैदराबादच्या सरकारी सागरी माहिती केंद्राचा भरतीचा अंदाज बघून पक्कं करा. ॲपमध्ये चूक होते ती बहुतेक वेळा बंदर चुकीचं निवडल्यामुळं. कारवार नसेल तर मुरगाव घ्या, मुंबई घेऊ नका. आणखी एक, इकडं दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. वेळेबरोबर उंचीचा आकडाही बघा.

कोडीबाग_किनारा

जागांबद्दल मी लिहितो, रोजचा भाग आहे.

शहराला लागून टागोर बीच, तिथंच आयएनएस चपळ हे जुनं जहाज ठेवलंय. हा भाग लोकांच्या फिरण्याचा. सहा-साडेसहापासून पळणारे, क्रिकेटवाले, कुत्री. इथं सकाळी लवकर सँडरलिंग आणि थोडे चिखल्ये मिळतात, आठनंतर काही नाही. मुख्य जागा उत्तरेला, काळी नदी समुद्राला मिळते तिथं. दक्षिण काठ कोडीबाग, पलीकडं उत्तर काठाला सदाशिवगड आणि त्याच्या पश्चिमेला देवबागची पुळण.

नदीमुखातले वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. गेल्या वर्षी कुणी फोटोवर खूण करून दिलेला पट्टा या वर्षी तिथं असेलच असं नाही. म्हणून पहिल्या दिवशी ओहोटीला येऊन नुसतं बघून ठेवा की कोणता उंचवटा सर्वांत शेवटी बुडणार. त्यावर ओल्या वाळूऐवजी कोरडी, फिकट वाळू आणि विष्ठेचे पांढरे ठिपके दिसतात. तीच थव्याची बसायची जागा. दुसऱ्या दिवशी भरतीच्या अडीच तास आधी तिच्यासमोर काठावर बसून राहायचं. पक्षी तुमच्याकडं येऊ देत, तुम्ही त्यांच्याकडं जाऊ नका.

पट्ट्यावर चालत जायचा मोह टाळा. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडं जाता येतं, पण भरतीचं पाणी समोरून न येता मागच्या ओघळीतून आधी भरतं. पुढं वाळू कोरडी दिसते आणि मागं कमरेएवढं पाणी झालेलं असतं. नदीच्या बाजूला गाळ मऊ आहे, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. ओहोटी पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासात काठावर परत, हा नियम पाळा.

उत्तरेला माजाळीकडं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. जाळं किनाऱ्याला लागलं की बारीक मासळी वाळूवर पडते आणि कुरव (गल), घारी, ब्राह्मणी घारी, समुद्री बगळे सगळे तिथं जमतात. कुरव जवळून बघायचे तर नदीमुखापेक्षा रापण बरी. रापणकऱ्यांच्या दोराच्या आणि समुद्राच्या मधे मात्र उभं राहू नका, त्यांचं काम अडतं.

दक्षिणेला बैतकोल बंदर. ट्रॉलर येतात तेव्हा मोठे कुरव मागं लागलेले असतात. त्याच्या पलीकडं नौदलाची हद्द सुरू होते. त्या दिशेला कॅमेरा, टेलिस्कोप वळवू नका, ड्रोन तर अजिबात नको. ओळखपत्र जवळ असू द्या. टेलिस्कोप बघून कुणी विचारलं तर भिंगातून पक्षी दाखवा, प्रश्न तिथंच मिटतो.

तुतवार

वरचं सगळं बरोबर. ओळखीवर मी लिहिते. आपल्याकडं जास्तीत जास्त गोंधळ लहान चिखल्यांचा होतो, म्हणून त्यावर सविस्तर.

किनाऱ्यावर थंडीत प्रामुख्याने तीन चिखल्ये एकत्र दिसतात : केंटिश, लेसर सँड आणि ग्रेटर सँड. तिन्ही वरून मातकट, खालून पांढरे.

पहिला प्रश्न, मानेच्या मागं पूर्ण पांढरी पट्टी आहे का? असेल तर केंटिश. तो सर्वांत लहान, १५ ते १७ सेंटीमीटर, चोच बारीक, छातीच्या दोन्ही बाजूंना छोटा गडद डाग. दोन्ही सँड प्लोव्हरना मागं पांढरी पट्टी नसते, डोक्याचा मातकट रंग सरळ पाठीत उतरतो. पक्षी मान आखडून झोपलेला असेल तर पट्टी दिसत नाही. तो मान वर करेपर्यंत थांबा, अंदाजाने लिहू नका.

आता लेसर की ग्रेटर. आकार एकटा बघून ठरत नाही. लेसर १९ ते २१ सेंटीमीटर, ग्रेटर २२ ते २५, आणि दोघे शेजारी नसतील तर हा फरक डोळ्याला कळत नाही. चोच मोजा. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जे अंतर, तेवढी चोच मनात मागं वळवून बघा. लेसरची चोच त्या अंतरापेक्षा आखूड किंवा जेमतेम तेवढी. ग्रेटरची चोच डोळ्याच्या मागं जाते, शिवाय जाड आणि टोकाकडं निमुळती लांब. ग्रेटरचे पाय फिकट हिरवट-पिवळट आणि लांब, उडताना पंजे शेपटीच्या बाहेर डोकावतात. लेसरचे पाय गडद राखाडी. पण पायाला ओला गाळ लागला की सगळेच पाय काळे दिसतात, म्हणून पायावरून निकाल देताना पक्षी नुकताच पाण्यातून आलाय का ते बघा.

एका चौकटीत एकच पक्षी असलेला, थोडा वर-खाली कोनातून काढलेला फोटो चोच मोजायला निरुपयोगी असतो. पक्षी तुम्हाला अगदी आडवा असला पाहिजे. चोच जराशी तुमच्याकडं वळली तर ग्रेटरचा लेसर होतो.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, लेसर सँड प्लोव्हरच्या आता दोन जाती केल्या आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर थंडीत येतो तो तिबेटन सँड प्लोव्हर. जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांनी नाव बदललं म्हणून गोंधळू नये.

खाण्याची पद्धतही उपयोगी पडते. चिखल्ये डोळ्यांनी शिकार शोधतात : पाच-सहा पावलं पळाले, थांबले, टोच मारली, परत पळाले. तुतवार आणि त्यांचे भाईबंद चोच खुपसत पुढं जात राहतात, थांबत नाहीत. दूरच्या ठिपक्याचा गट ठरवायला एवढं पुरतं.

खानापूरचा_रानवाटा

लाटेबरोबर पुढं-मागं पळणारे पांढरे बारीक पक्षी कोणते? तेही चिखल्येच धरायचे का?

तुतवार

नाही, ते सँडरलिंग. किनाऱ्यावरच्या सगळ्या बारीक पक्ष्यांत सर्वांत पांढरा. चोच आणि पाय काळे, पंखाच्या पुढच्या वळणावर गडद डाग. लाट मागं सरली की तिच्या मागं धावतो, वाळूत राहिलेले बारीक जीव टिपतो, पुढची लाट यायच्या आत परत. जवळून मिळाला तर पंजा बघा : सँडरलिंगला मागचं बोट नसतं. त्याच्या जवळपासच्या सर्व भाईबंदांना ते असतं. ओल्या वाळूत त्याच्या पावलांची खूण तीन बोटांची उमटते, मागं टिंब नाही.

याच्याबरोबर टेरेक सँडपायपर असेल तर सोडू नका. चोच वर वळलेली, पाय आखूड नारिंगी, डोकं खाली घालून खेकड्यांच्या मागं एकदम वेगात पळतो. खेकडा मिळाला की पाण्याच्या कडेला नेऊन धुतो.

शिनोळी_फाटा

कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेल यात चोचीच्या लांबीवरून ठरवलं तर चालेल का?

तुतवार

एकट्या चोचीवर नको. कर्ल्यूच्या लहान पिल्लांची चोच पहिल्या हिवाळ्यात आखूड असते. डोकं बघा. व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे आणि मधोमध फिकट रेघ, भुवई ठळक. कर्ल्यूचं डोकं सपाट, एकसारखं रेघारेघांचं. उडताना व्हिम्ब्रेल एकाच सुरात सात-आठ वेळा ‘टि-टि-टि-टि’ करतो, कर्ल्यू लांबवून ‘कुर-ली’. आवाजावरून अंधारातसुद्धा चूक होत नाही.

कर्ल्यू जगभरात घटतोय, त्याची नोंद ‘संकटाच्या जवळ’ अशी आहे. त्यामुळं एक-दोन जरी दिसले तरी आकडा लिहा, नुसतं ‘दिसला’ असं नको.

कोडीबाग_किनारा

कुरवांचं काय? बहुतेक लोक सगळ्यांना ‘सीगल’ म्हणून मोकळे होतात.

समुद्रघार

कुरव माझा विषय, म्हणून थोडं लांबेल.

आपल्याकडच्या थव्यात बहुतांश तपकिरी डोक्याचे कुरव, त्यात काळ्या डोक्याचे. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं होतं आणि डोळ्याच्या मागं एक काळा ठिपका राहतो, त्यामुळं नावावर जाऊ नका. पंख बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड लांबच लांब पांढरी, टोकाला फक्त बारीक काळी किनार. तपकिरी डोक्याच्याला टोक रुंद काळं आणि त्या काळ्यात दोन पांढरे आरसे, म्हणजे ठिपके. बसलेल्या पक्ष्यात डोळा बघतात : तपकिरी डोक्याच्या प्रौढाचं बुबुळ फिकट, काळ्या डोक्याच्याचं गडद. पण पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्याचा डोळा दोन्ही जातींत गडदच असतो, आणि पंखात आरसेही नसतात. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली म्हणजे तो पहिल्या हिवाळ्यातला, त्याला डोळ्यावरून ओळखायला जाऊ नका.

मोठ्यांत पॅलासचा कुरव ओळखायला सर्वांत सोपा. आकार मोठा, कपाळ उतरतं, चोच पिवळी, तिच्यावर काळा पट्टा आणि टोक लाल. थंडीत डोळ्याभोवती काळपट पट्टी आणि पापण्यांना पांढऱ्या कडा. बाकीचे मोठे पांढऱ्या डोक्याचे कुरव, ह्यूग्लिन आणि स्टेप, यांचं ठरवायचं तर प्रौढ पक्षी, उघडा पंख, पाठीच्या राखाडीची छटा आणि पायाचा रंग, एवढं सगळं एका उजेडात मिळालं पाहिजे. ढगाळ सकाळी तोच पक्षी गडद दिसतो, उन्हात फिकट. मिळालं नाही तर ‘मोठा कुरव’ लिहून पुढं जा. चुकीचं नाव लिहिलेली नोंद पुढं कुणाला दुरुस्त करता येत नाही, न ओळखलेली नोंद मात्र कायम खरी राहते.

सुरयांमध्ये (टर्न) चोचीचा रंग पुरतो. जाड, आखूड काळी चोच आणि उथळ खाच असलेली शेपटी म्हणजे गल-बिल्ड टर्न; थंडीत डोकं पांढरं आणि डोळ्यामागं काळा डाग. चोच पूर्ण केशरी म्हणजे लेसर क्रेस्टेड. चोच हिरवट-पिवळी आणि पक्षी मोठा म्हणजे ग्रेटर क्रेस्टेड. काळी चोच आणि टोकाला पिवळा थेंब म्हणजे सँडविच टर्न. हे टोक दूरवरून दिसत नाही, आणि चोचीला माशाचं काही चिकटलं असलं तरी फसगत होते. तपकिरी डोक्याच्या कुरवापेक्षाही मोठा, जाड लाल चोचीचा सुरय दिसला की तो कॅस्पियन, त्यात शंका नाही.

आणि किनाऱ्यावर अचानक सगळा थवा एकदम उठला तर आधी आकाश बघा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड असतो, किंवा शाही ससाणा. गरुडाची शेपटी पाचरीसारखी, पोट स्वच्छ पांढरं, पंखाची मागची बाजू काळी. खाडीकडच्या उंच झाडांवर आणि बेटांवर त्यांची घरटी असतात, त्यांच्या आसपास हिवाळ्यात वावर टाळा.

राकसकोप_रोड

साहित्य काय घ्यावं? माझ्या यादीत १०×५० दुर्बीण आहे.

सीमाभाग_पक्षीमित्र

एवढ्यासाठी नवी घेऊ नका, पण घ्यायचीच असेल तर ८×४२. दहापट दुर्बीण समुद्राच्या वाऱ्यात हाताने स्थिर राहत नाही. खरी गरज टेलिस्कोपची, ६५ ते ८० मिलिमीटर भिंगाचा, २० ते ६० पट. त्यातही २० ते ३० पटच वापरायला मिळतो, ६० पटीवर हवेची थरथरच मोठी होते. चार जणांत एक टेलिस्कोप पुरेसा.

तिकाटणं (ट्रायपॉड) हलकं असेल तर पहिल्या वाऱ्यात सगळं जातं. मधल्या खांबाला आकडा असतो, त्याला पाण्याची दोन लिटरची बाटली अडकवा. मधला खांब वर चढवू नका. वाळूवर ठेवताना पायाचा सर्वांत खालचा टप्पा आधी थोडा बाहेर काढा, म्हणजे त्याचं लॉक वाळूच्या वर राहतं. आणि उभ्याऐवजी बसून बघा, वाराही कमी लागतो आणि पक्षीही घाबरत नाहीत.

बेळगावकरांसाठी खास : आपल्याकडच्या थंडीतून किंवा गाडीच्या एसीतून भिंग बाहेर काढलं की कारवारच्या दमट हवेत लगेच धूसर होतं. पुसून काही होत नाही. निघाल्यापासून एसी बंद ठेवा, किंवा पोचल्यावर पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग उघडा. 

घरी आल्यावर भिंगावर मीठ बसलेलं असतं. कोरड्या फडक्याने पुसलंत तर मिठाचे कण आणि वाळू आवरणावर ओरखडे काढतात. आधी फुगा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं केलेलं भिंगाचं कापड, मधून बाहेर हलक्या हाताने. तिकाटण्याचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा, उघडेच वाळू द्या, ओले असताना मिटू नका.

हिंडलगा_उत्तर

थवा मोठा असला की आकडा कसा लावायचा? ‘पाचशे असतील’ असं अंदाजाने लिहिलं तर चालतं का?

तुतवार

पद्धत सोपी आहे, सराव लागतो. आधी दहा पक्षी एकेक करून मोजा, ते किती जागेत बसतात ते डोळ्यात ठेवा. मग तेवढ्या पट्ट्या पुढं सरकवत मोजा. पक्षी दाट असतील तर पन्नासची पट्टी. थवा उडाला असेल तर कडेपासून मोजा, मधला भाग नेहमी जास्त दाट असतो आणि आपण कमी धरतो.

मिश्र थव्यात जात वेगळी काढायची तर नमुना घ्या. समजा एकूण ६०० चिखल्ये मोजले. टेलिस्कोप पाच ठिकाणी फिरवा, प्रत्येक वेळी भिंगात दिसतील तेवढे सगळे ओळखा. पाच ठिकाणचे मिळून १२० झाले आणि त्यात ९० लेसर, २४ केंटिश, ६ ग्रेटर निघाले, तर तोच हिस्सा पूर्ण थव्याला लावा : ४५० लेसर, १२० केंटिश, ३० ग्रेटर. पाचही ठिकाणं कडेची घेऊ नका. केंटिश बहुधा कडेला बसतात, त्यामुळं त्यांचा आकडा फुगतो.

ईबर्डवर टागोर बीच, कोडीबाग आणि देवबाग यांच्या याद्या वेगळ्या करा. एका यादीत सगळा दिवस घातला तर पुढं कुणाला तुलना करता येत नाही. दोन सँड प्लोव्हरमध्ये ठरत नसेल तर यादीत जोडनावाचा पर्याय असतो, तो वापरायला संकोच नको.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून सुरू आहे. आपल्या भागातली तळी आणि खाड्या तीत याव्यात म्हणून दोन-तीन जणांनी जबाबदारी घेतली तर फार चांगलं होईल. एकच जागा, तीच वेळ, तीच भरती, दरवर्षी. त्यातूनच घट-वाढ कळते.

बोरगाव_कॅमेरा

फोटो काढायला किती जवळ गेलं तर चालतं? पन्नास मीटर?

समुद्रघार

मीटर सांगणं कठीण, पक्षी सांगतात. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या की तुम्ही आधीच जास्त पुढं आलात, तिथंच थांबा, खाली बसा. काही पक्षी चालायला लागले की दोन पावलं मागं या. उडाले म्हणजे चुकलंच. एका पायावर उभा पक्षी एका पायाने टुण टुण उड्या मारत बाजूला सरकतो, त्याला लंगडा समजून जवळ जाऊ नका. त्याला झोप मोडायची नसते, म्हणून तो दुसरा पाय खाली टाकत नाही.

या उडवण्याचं नुकसान समजून घ्या. भरतीचे दोन-तीन तास हे त्यांचे विश्रांतीचे तास. खाल्लेलं पचवून चरबी साठवायची असते, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्यांना मध्य आशिया आणि सैबेरियाकडं परत उडायचं असतं. सकाळभरात पाच-सहा वेळा उठवलेला थवा साठवलेलं तिथंच खर्च करून टाकतो. आणि एकदा पट्टा सोडला की पलीकडच्या गजबजलेल्या किनाऱ्यावर जाऊन बसतो, तिथं कुत्री असतात.

बोरगाव_कॅमेरा

पण आडवं पडून, रांगत गेलं तर पक्षी घाबरत नाहीत, असं सगळेच सांगतात.

समुद्रघार

ओल्या वाळूवर खाणाऱ्या एकट्या सँडरलिंगला हे चालतं. तो लाटेबरोबर तुमच्याकडंच येतो, तुम्ही फक्त त्याच्या वाटेत आडवे पडून राहायचं. बसलेल्या थव्याला नाही. पाचशे डोळे एका दिशेने बघत असतात, त्यातला एक उठला की सगळे उठतात. फोटो पाहिजे असेल तर भरती चढताना आधीच जाऊन बसा, पक्षी आपोआप जवळ सरकतात. त्यात दीड तास जातो, पण फोटोही तोच चांगला येतो.

आणखी एक विनंती. कुरवांना फरसाण, शेव, ब्रेडचे तुकडे टाकू नका. त्यांच्या पोटाला ते सोसत नाही.

शिनोळी_फाटा

पायात अभ्यासकांनी घातलेली कडी किंवा रंगीत झेंडा असलेला पक्षी दिसला तर?

तुतवार

डाव्या-उजव्या पायाचा घोळ होतो म्हणून आधी ते लिहा, पक्ष्याचा डावा, तुमचा डावा नव्हे. मग गुडघ्याच्या वर की खाली, झेंड्याचा रंग, त्यावरची अक्षरं, दुसऱ्या पायात धातूची कडी आहे का. जमेल तसे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अक्षरं वाचता येत नसली तरी रंगांच्या क्रमावरून देश कळतो. माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. अक्षरांसाठी पक्ष्याचा पाठलाग करू नका.

खानापूरचा_रानवाटा

कारवारला जायच्या आधी इकडं सराव करायला जागा आहे का? आणि कारवारसोबत दुसरं कुठं बघावं?

सीमाभाग_पक्षीमित्र

सरावाला हिडकल धरणाचा उतरलेला काठ आणि गोकाकजवळचं घटप्रभा अभयारण्य, म्हणजे धुपदाळ. तिथं लिटल स्टिंट, वूड सँडपायपर, लहान कंठेरी चिखल्या, शेकाट्या जवळून बघता येतात. पायांचा रंग, चोचीचं माप यांची सवय तिथंच लावा, मग समुद्रावर चुका कमी होतात.

कारवारच्या दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवर कुमटा-गोकर्ण पट्ट्यातली अघनाशिनी खाडी. २०२४ मध्ये तिचा रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, जाहीर झाला. तिथं गाळाचे सपाट पट्टे मोठे आहेत, तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका ओहोटीला उतरतात. कर्ल्यू, व्हिम्ब्रेल, गॉडविट यांच्यासाठी अघनाशिनी, लहान चिखल्ये आणि सुरयांसाठी कारवार. कुरवांसाठी गोव्यात मोरजीचं शापोरा नदीचं मुखही चांगलं, चोर्ला घाटातून जाता येतं. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथली गर्दी बघता तो आठवडा टाळा.

कोडीबाग_किनारा

एक भर. काळी नदीवरचा राष्ट्रीय महामार्गाचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. सदाशिवगड-देवबाग-माजाळी सकाळी करणार असाल तर उरलेल्या पुलावरच्या वाहतुकीचा वेळ धरा, किंवा मुक्काम सरळ उत्तर काठाला ठेवा.

निपाणीकर_७

मग येत्या पौष महिन्यात शुक्ल त्रयोदशीचा बेत केला तर? सकाळी किती वाजता पोचावं?

सीमाभाग_पक्षीमित्र

बरोबर दिवस. भरती नऊच्या आसपास धरा. म्हणजे सव्वासहाला कोडीबागला, काठावर, टेलिस्कोप मांडून. बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असा रस्ता, चार तास धरा. रात्री घाटात येऊ नका, वळणं आहेत, धुकं असतं आणि रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो. आदल्या दिवशी दुपारी एकला निघा, पाचपर्यंत पोचा. त्या संध्याकाळी नदीमुखावर जाऊन पट्टा बघून ठेवा. निघताना डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणि भिंगाचं कापड विसरू नका.

निपाणीकर_७

चालेल. त्रयोदशी ठरली. चौघं आहोत, टेलिस्कोप एक. कोणी एक बसायची जागा दाखवायला आलं तर बरं.

कोडीबाग_किनारा

या की. आदल्या संध्याकाळी पाणी चढत असेल, शेवटी बुडणारा पट्टा काठावरूनच दाखवतो.